इंडी फोक : मृदू शैलीचे गायक-गीतकार व त्यांच्या अल्बमांचा शोध

ध्वनिक गिटारच्या मोजक्या साथीवर, हलक्या आवाजात स्वरचित गीते गाणाऱ्या आणि मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या चौकटीबाहेर वाढलेल्या कलावंतांचा पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील प्रवाह. शब्द, चाल आणि गायन ही तिन्ही कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. कलावंत एकटा असूनही पुष्कळदा बँडसारखे नाव घेतो : सॅम बीम ‘आयर्न अँड वाइन’ या, जस्टिन व्हर्नन ‘बोन इव्हेर’ या, तर विल ओल्डम आधी ‘पॅलेस ब्रदर्स’ व नंतर ‘बॉनी प्रिन्स बिली’ या नावाने अल्बम काढत आले. नव्या श्रोत्याचा पहिला गोंधळ येथेच होतो, कारण एकाच माणसाचे काम दोन-तीन नावांखाली विखुरलेले असते. बँजो, ढोल व सामूहिक आरोळ्या यांवर उभी असलेली जोशपूर्ण शाखा याच प्रवाहात गणली जाते. प्रस्तुत नोंदीत मात्र संथ, मृदू शाखेचाच विचार केला आहे.

उगम : या प्रवाहाचा आरंभ कोठे मानावा याबद्दल मतैक्य नाही. पहिल्या मतानुसार त्याचे मूळ १९६० च्या दशकाच्या अखेरच्या ब्रिटिश लोकसंगीत-पुनरुज्जीवनात आहे. या मताचे पुरस्कर्ते प्रामुख्याने निक ड्रेक याच्या फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट (१९६९), ब्रायटर लेटर (१९७१) व पिंक मून (१९७२) या तीन अल्बमांकडे आणि व्हॅश्टी बन्यन हिच्या जस्ट अनदर डायमंड डे (१९७०) या अल्बमकडे निर्देश करतात. कुजबुजीच्या जवळ जाणारा आवाज, बोटांनी छेडलेल्या तारा, गीतातला एकटेपणा ही लक्षणे या चारही अल्बमांत स्पष्ट आहेत. साम्य नाकारता येत नाही. अडचण कालक्रमाची आहे. हे अल्बम निघाले तेव्हा त्यांना फारच थोडे श्रोते मिळाले. ड्रेक १९७४ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी वारला. बन्यनने संगीताची वाट सोडली ती सुमारे तीन दशके. ड्रेकचे अल्बम फ्रूट ट्री या संचाच्या रूपाने १९७९ मध्ये एकत्र निघाले, १९९४ मध्ये वे टू ब्लू हे निवडक गीतांचे संकलन आले आणि १९९९ मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचे गीत वापरले गेल्यावर अमेरिकेत त्याच्या अल्बमांचा खप एकाएकी वाढला. बन्यनचा अल्बम २००० मध्ये पुन्हा निघाला. २००४ मध्ये ती अमेरिकन गायक-गीतकार डेव्हेंड्रा बॅनहार्टच्या रिजॉइसिंग इन द हँड्स या अल्बममध्ये गायली आणि २००५ मध्ये तिचा लुकआफ्टरिंग हा दुसरा अल्बम प्रसिद्ध झाला. म्हणजे मधल्या पिढीच्या श्रोत्यांना हे जुने अल्बम नवे म्हणूनच भेटले. त्यांना पूर्वज म्हणण्यापेक्षा उशिरा सापडलेले समकालीन म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

दुसरे मत अमेरिकन लोकगीतांकडे जाते. हॅरी स्मिथने संपादित केलेला ८४ ध्वनिमुद्रणांचा संच फोकवेज कंपनीने १९५२ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात १९२० च्या दशकाचा उत्तरार्ध व १९३० च्या दशकाचा आरंभ या काळातील व्यावसायिक तबकड्यांवरची गीते होती. स्मिथसोनियन संस्थेने १९९७ मध्ये तो सीडीवर पुन्हा काढला. या पुनर्प्रकाशनाने तरुण गायकांना जुन्या, खडबडीत लोकस्वराकडे वळवले, असे हे मत मानते. ब्रिटिश समीक्षक डेव्हिड कीनन याने ऑगस्ट २००३ मध्ये ‘द वायर’ मासिकात अमेरिकेतील विक्षिप्त लोकसंगीताच्या लाटेवर लिहिलेला लेख याच संदर्भात दिला जातो. बॅनहार्ट किंवा वीणेच्या जातीचे हार्प हे वाद्य वाजवून गाणारी जोआना न्यूसम (द मिल्क-आइड मेंडर, २००४) यांच्याबाबत हे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी लागू पडते. संथ शाखेला ते पुरत नाही. ओल्डमचा पहिला अल्बम १९९३ चा, म्हणजे सीडी संचाच्या चार वर्षे आधीचा आहे. एलपीवरचा मूळ संच त्यापूर्वीही ऐकायला मिळत असे, ओल्डमच्या गाण्यात ॲपलेशियन डोंगराळ मुलखातील भजनांची छाया आहे, हेही खरे. तरीही पुनर्प्रकाशनाला एवढे श्रेय देता येणार नाही.

तिसरे मत उगम शोधते ते यंत्रात. टॅस्कॅम कंपनीचे पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र १९७९ मध्ये बाजारात आले. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंना मिळून चार माग (ट्रॅक, म्हणजे ध्वनी मुद्रित होणारे समांतर पट्टे) असतात. हे यंत्र ते चारही माग एकाच दिशेने वापरी आणि फीत नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरवी. परिणामी आधी गिटार, मग आवाज, मग दुसरा आवाज असे थर एकट्या माणसाला घरी बसून चढवता येऊ लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ मध्ये अशाच यंत्रावर नमुन्यादाखल मुद्रित केलेली गीते अखेर तशीच नेब्रास्का या अल्बमच्या रूपात प्रसिद्ध झाली. तो मोठ्या कंपनीचा कलावंत असल्याने या प्रवाहात मोडत नाही. पण स्टुडिओविना झालेला अल्बम संपूर्ण कलाकृती म्हणून उभा राहतो, हे त्याने दाखवून दिले. एलियट स्मिथ पोर्टलंड शहरात ‘हीटमायझर’ या कर्कश रॉक बँडमध्ये असतानाच त्याने तळघरात चार-मागी यंत्रावर रोमन कँडल (१९९४) मुद्रित केला. सिअ‍ॅटलच्या सब पॉप कंपनीने ‘निर्व्हाना’ या रॉक बँडचा पहिला अल्बम १९८९ मध्ये काढला होता; तिनेच २००२ मध्ये सॅम बीमचा घरगुती ध्वनिमुद्रणांचा द क्रीक ड्रँक द क्रेडल हा अल्बम आणि २००८ मध्ये ‘फ्लीट फॉक्सेस’चा पहिला अल्बम प्रसिद्ध केला. यावरून हा प्रवाह लोकसंगीताच्या मंडळांतून नव्हे, तर स्वतंत्र रॉकच्या वर्तुळातून निघाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आरंभकाल नेमका सांगता येत नाही; तो स्थूलमानाने १९९० ते १९९४ च्या दरम्यान धरावा.

ध्वनी व तंत्र : हा मृदूपणा केवळ स्वभावाचा नाही, त्यामागे मायक्रोफोनचे गुणधर्म आहेत. एका दिशेने ग्रहण करणारा मायक्रोफोन ओठांच्या अगदी जवळ धरला की आवाजातील खालच्या कंप्रता वाढून येतात. त्यामुळे हळू गायलेला स्वरही भरीव आणि कानाशी बोलल्यासारखा वाटतो. त्याबरोबर श्वास, तारांवरून सरकणाऱ्या बोटांची करकर, खोलीचा नाद हेही मुद्रित होते. स्टुडिओत दोष मानली जाणारी ही चिन्हे येथे राखून ठेवली जातात. दुसरी युक्ती आवाज दुहेरी करण्याची. गायक तीच ओळ पुन्हा गातो आणि दोन्ही माग एकत्र वाजवले जातात. माणूस तोच, पण दोन वेळांच्या गाण्यात केसाएवढा फरक राहतो आणि त्यामुळे स्वराला मऊ कड येते. एलियट स्मिथच्या आयदर/ऑर (१९९७) या अल्बममध्ये या युक्तीचा उत्कर्ष ऐकू येतो. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या स्वरांत जुळवण्याची ड्रेकची पद्धतही पुष्कळांनी उचलली. स्वीडनचा होसे गोन्झालेस नायलॉनच्या तारांची गिटार वापरतो. तिचा नाद पोलादी तारांपेक्षा गोल आणि लवकर विरणारा असतो.

साधने बदलली तरी एकांतात मुद्रण करण्याची रीत टिकून आहे. व्हर्ननने २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातील वडिलांच्या लाकडी घरात फॉर एमा, फॉरेव्हर अगो मुद्रित केला. २००७ मध्ये स्वतःच थोड्या प्रती काढल्यावर पुढील वर्षी जॅगजॅगुवार कंपनीने तो सर्वत्र पोहोचवला. सुफियान स्टीव्हन्सने आईच्या निधनानंतर रचलेल्या कॅरी अँड लोवेल (२०१५) मधील काही भाग हॉटेलच्या खोलीत मोबाइल फोनवर मुद्रित केला होता. एड्रियन लेंकरचे साँग्ज व इन्स्ट्रुमेंटल्स हे २०२० चे जोड-अल्बम मॅसॅचूसेट्समधील एका रानघरात झाले. एकांताची ही हकीकत आता प्रसिद्धिपत्रकांतून इतक्यांदा येते की तिच्यावरून गीतांची पारख करू नये. उपर्युक्त अल्बम त्या हकीकतीशिवायही श्रेष्ठ आहेत.

शोधाच्या वाटा : या प्रकारातील गायक गाजावाजा करून येत नाहीत. त्यांची गीते गर्दीत ऐकूही येत नाहीत, आणि याचा पुरावा एका सुप्रसिद्ध मालिकेच्या जन्मातच सापडतो. ऑस्टिन शहरातील संगीतमहोत्सवात लॉरा गिब्सन या गायिकेचा आवाज बारमधील गोंगाटात बुडाला. तेव्हा अमेरिकन सार्वजनिक नभोवाणीचे बॉब बॉयलन व स्टीफन टॉम्पसन यांनी तिला आपल्या कार्यालयातील मेजाशी येऊन गाण्याचे सुचवले. एप्रिल २००८ मध्ये तिच्यापासून ‘टायनी डेस्क’ ही मैफलींची मालिका सुरू झाली. पुढे या मालिकेने सर्व प्रकारच्या संगीताला जागा दिली. पण तिची घडण हळू आवाजाच्या गरजेतून झाली, हे विसरू नये. अनोळखी गायकाची पारख अशा मैफलीत चांगली होते, कारण थर काढून टाकल्यावर चाल आणि शब्द उरतात की नाही हे तेथे लगेच कळते.

सर्वांत भरवशाची वाट अल्बमवरील श्रेयनामावलीची आहे. ड्रेकचे पहिले दोन अल्बम व बन्यनचा पहिला अल्बम यांचा निर्माता एकच, जो बॉइड. दोघांच्याही गीतांसाठी तंतुवाद्यांची रचना रॉबर्ट कर्बीने केली होती. ही दोन नावे धरून चालणारा श्रोता एका अल्बमवरून दुसऱ्यावर आपोआप जातो. अलीकडच्या काळात ‘द नॅशनल’ या बँडचा ॲरन डेसनर हा असाच दुवा आहे : शॅरन व्हॅन एटनच्या ट्रॅम्प (२०१२) या अल्बमचा निर्माता तोच आणि टेलर स्विफ्टच्या फोकलोर (२०२०) मधील बऱ्याच गीतांचा सहनिर्माताही तोच. स्विफ्टच्या त्या अल्बमला २०२१ चा वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि असंख्य श्रोते प्रथमच या मृदू शैलीकडे वळले. सहगायकांची नावेही उपयोगी पडतात. फीबी ब्रिजर्सचे पनिशर (२०२०) आवडले तर ज्यूलियन बेकर व लूसी डेकस यांच्यासह तिने स्थापन केलेल्या ‘बॉयजीनियस’पर्यंत आणि तेथून त्या दोघींच्या स्वतंत्र अल्बमांपर्यंत जाता येते.

कंपन्यांच्या सूचीचे महत्त्व अद्याप आहे. जॅगजॅगुवार, डेड ओशन्स, ड्रॅग सिटी, सॅडल क्रीक यांसारख्या छोट्या कंपन्यांची निवड एका रुचीची असते. एक अल्बम पटला की त्याच सूचीतला दुसरा पटण्याची शक्यता मोठी असते. कंपनी नसलेले कलावंत २००८ पासून बँडकॅम्प या संकेतस्थळावर आपले अल्बम थेट विकतात. तेथे विकत घेण्याआधी बहुधा पूर्ण अल्बम ऐकता येतो आणि डिजिटल विक्रीतून संकेतस्थळ साधारण १५ टक्के वाटा घेते. २० मार्च २०२० रोजी महासाथीच्या काळात हा वाटा एका दिवसापुरता सोडून देण्यात आला. पुढे ठरावीक शुक्रवारी तसे होऊ लागले. नवे अल्बम जगभर शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचा संकेत १० जुलै २०१५ पासूनचा आहे. त्यापूर्वी ब्रिटनमध्ये सोमवार व अमेरिकेत मंगळवार हा दिवस होता.

जुलै २०१५ मध्येच स्पॉटिफायने श्रोत्याच्या सवयींवरून दर आठवड्याला गीते सुचवणारी यादी सुरू केली. अनोळखी नाव कानावर पडण्यासाठी अशा याद्या सोयीच्या आहेत. पण त्यांत ही गीते झोपेची, अभ्यासाची, पावसाळी दुपारची पार्श्वभूमी बनतात. कॅरी अँड लोवेलमधला शोक आणि कोणाचीही सुरेल गुणगुण एकाच पातळीवर येते. हे अल्बम एका बैठकीत, गीतांचा क्रम न मोडता ऐकावेत. पहिल्या खेपेला सर्व गीते सारखी वाटणे स्वाभाविक आहे. वेग, पट्टी व वाद्यमेळ यांत फरक थोडा असल्याने भेद शब्दांतून उलगडतो आणि त्याला तीन-चार खेपा लागतात.

इंग्रजी प्रदेशाबाहेर : नॉर्वेच्या बर्गन शहरातील ‘किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स’ या दोघांचा क्वायट इज द न्यू लाउड हा अल्बम २००१ मध्ये आला. गोन्झालेसचा व्हिनिअर २००३ मध्ये प्रथम स्वीडनमध्ये निघाला. त्यातील एक गीत २००५ मध्ये दूरचित्रवाणी संचाच्या जाहिरातीत वापरले गेल्याने तो इतरत्र पोहोचला. दोन्ही ठिकाणी गीतांची भाषा प्रायः इंग्रजीच आहे. भारतात प्रतीक कुहाड हा इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत गातो. त्याचा इन टोकन्स अँड चार्म्स हा अल्बम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तर त्याचे एक गीत बराक ओबामा यांनी २०१९ मधील आपल्या आवडत्या गीतांच्या यादीत दिले होते.