उत्तर तपासणार कोण? भाषा मॉडेलना विचार आणि कृती शिकवण्यामागची पार्श्वभूमी

भाषा मॉडेलच्या प्रगतीचा हिशेब बहुतेक वेळा आकारावरून मांडतात. आमच्या मते तो तपासनिसाच्या, म्हणजे उत्तर बरोबर की चूक ते ठरवणाऱ्याच्या, बाजूने वाचला तर जास्त कळतो. गोव्यात फर्मागुडी, कुंकळ्ळी किंवा झुआरीनगरला बसून मराठी-कोकणीवर प्रयोग करू पाहणाऱ्यांना तर हीच बाजू उपयोगी पडेल.

२०२० साली आलेल्या जीपीटी-३ या भाषा मॉडेलमध्ये १७,५०० कोटी पॅरामीटर (शिकताना बदलत जाणारे आकडे) होते, तरी प्राथमिक शाळेतल्या शाब्दिक उदाहरणांत ते अडखळायचे. पुढचा शब्द ओळखणे एवढेच त्याचे शिक्षण. प्रत्येक शब्दामागे गणनेचा वाटा ठरलेला, त्यामुळे थेट उत्तर मागितले की मधली बेरीज-वजाबाकी करायला जागाच उरत नसे. मॉडेलला कच्चे काम लिहू द्यावे, ही कल्पना २०२१ च्या शेवटी पुढे आली. जानेवारी २०२२ मध्ये गुगलच्या संशोधकांनी प्रश्नाआधी पायऱ्यांसह सोडवलेली आठ उदाहरणे ठेवून पाहिली. जीएसएम८के हा शालेय गणिताचा सुमारे साडेआठ हजार प्रश्नांचा संच. त्यावर ५४,००० कोटी पॅरामीटरचे पाम मॉडेल १७.९ टक्क्यांवरून ५६.९ टक्क्यांवर गेले. तोच प्रश्न अनेकदा सोडवून घेऊन बहुमताचे उत्तर धरले, तर ७४.४. मॉडेलच्या आत मात्र काहीच बदलले नव्हते.

शिकवणे सुरू झाले ते मार्च २०२२ मधल्या ‘स्टार’ पद्धतीने. मॉडेलकडून पायऱ्या लिहून घ्यायच्या, शेवटचे उत्तर जुळले त्या ठेवायच्या, बाकीच्या टाकायच्या आणि उरलेल्यांवर पुन्हा प्रशिक्षण द्यायचे. यातली खोट उघड आहे. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि चुकीच्या वाटेने आलेले बरोबर उत्तरही खरे ठरते. म्हणून मे २०२३ मध्ये ओपनएआयने माणसांकडून प्रत्येक पायरी तपासून घेतलेला संच प्रसिद्ध केला : ८ लाख पायऱ्या, प्रत्येकीवर बरोबर, चूक की तटस्थ असा शेरा. निकाल चांगला आला, पण खर्च मोठा होता. शिवाय त्या शेऱ्यांवर शिकवलेला तपासनीस हेही एक मॉडेलच; त्याला काय आवडते ते हेरून गुण उकळायला शिकणारे मॉडेल लवकरच शिकते.

पुढे वाट बदलली. ओपनएआयचे ओ१ मॉडेल सप्टेंबर २०२४ मध्ये आले, पण ते कसे शिकवले हे गुलदस्त्यात राहिले. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीने आर१ मॉडेलसोबत बरेचसे तपशील उघड केले. तपासनीस म्हणून मॉडेल नको, साधे नियम हवेत : गणिताचे उत्तर जुळते का, प्रोग्राम चाचण्यांतून पार होतो का. एका प्रश्नाची १६ उत्तरे काढायची, एका फेरीत असे ३२ प्रश्न. प्रत्येक उत्तराच्या गुणांतून त्या १६ ची सरासरी वजा करायची आणि गटाच्या प्रमाण विचलनाने (गुण सरासरीपासून किती पसरले आहेत त्याच्या मापाने) भागायचे. समजा ४ बरोबर आणि १२ चूक आली. सरासरी ०.२५, विचलन ०.४३, मग बरोबर उत्तराला +१.७३ चा जोर मिळतो, चुकीच्याला −०.५८ चा. सगळीच बरोबर किंवा सगळीच चूक आली, तर अंतर शून्य आणि त्या प्रश्नातून शिकणेही शून्य. त्यामुळे प्रश्नसंच निवडताना अतिसोपे आणि अशक्य असे दोन्ही आधीच गाळावेत. या पद्धतीने आर१ चे भावंड आर१-झीरो एआयएमई २०२४ या अमेरिकी शालेय गणित परीक्षेत १५.६ टक्क्यांवरून सत्तरच्या पुढे गेले.

पण त्याच्या कच्च्या कामात चिनी आणि इंग्रजी यांची सरमिसळ होऊ लागली. उपाय म्हणून अपेक्षित भाषेतल्या शब्दांच्या प्रमाणावर वेगळे गुण ठेवले, तेव्हा अचूकता किंचित घटली. गोव्यात ही अडचण दुप्पट होते. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत, म्हणजे लिपी पाहून भाषा ओळखणारी तपासणी इथे निकामी. ‘आहे’ की ‘आसा’, ‘मी’ की ‘हांव’ असे रोजचे छोटे शब्द मोजावे लागतात.

आकड्यांचा घोळ त्याहून चोरटा. तपासणीच्या कोडला फक्त 1250 समजत असेल, तर १२५० लिहिणारे बरोबर उत्तर चूक ठरते. हजार फेऱ्यांनंतर मॉडेल मराठी अंक टाळायला शिकते आणि दोष प्रशिक्षणाच्या माथी मारला जातो. आधी अंक एका रूपात आणा, १,२५,००० मधले स्वल्पविराम काढा, एकक वेगळे करा, मगच तुलना करा.

कृतीचा धागा समांतर चालला होता. ऑक्टोबर २०२२ च्या ‘रिअ‍ॅक्ट’ या पद्धतीने विचार, कृती, निरीक्षण असे चक्र लावले : मॉडेल काय शोधायचे ते लिहिते, शोध घेते, हाती आलेले वाचून पुढचे ठरवते. वर्षभराने एसडब्ल्यूई-बेंच हा चाचणी-संच आला : पायथन भाषेतल्या १२ सॉफ्टवेअर प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या तक्रारी. त्या वेळच्या सर्वोत्तम मॉडेलने त्यातल्या दोन टक्केही सोडवल्या नाहीत. कारण गणितात दडले आहे. प्रत्येक पायरी ९५ टक्के बिनचूक असली, तरी २० पायऱ्यांचे काम शेवटपर्यंत नीट जाण्याची शक्यता ३६ टक्केच.

एक-चौदाच्या उताऱ्यावरून (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवरून) जमिनीचे क्षेत्रफळ काढून अर्ज भरणारा एजंट, म्हणजे साधने वापरून काम करणारे मॉडेल, शिकवायचा आहे असे धरा. साधनाकडून परत आलेला मजकूर प्रशिक्षणाच्या हिशेबातून वगळावा लागतो, नाहीतर मॉडेल उतारा न उघडताच त्यातला मजकूर स्वतः रचू लागते. सराव नकली नोंदींच्या बंदिस्त प्रतीवरच घ्यावा. गुण देताना ‘अर्ज भरला’ हे मॉडेलचे वाक्य धरू नये. अर्जाच्या नोंदीत हेक्टर, आर आणि चौरस मीटर खरोखर जुळतात का ते पाहावे. आणि तपासणीच्या फाइली मॉडेलच्या हाताबाहेर ठेवाव्यात, कारण चाचणी पार करण्यापेक्षा चाचणीच बदलून टाकण्याची वाट ते शोधते.