खाऱ्या पाण्यातली सुरी: धार आणि गंज यांच्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

डायव्हिंगच्या सुरीवर ‘स्टेनलेस स्टील’ असे ठळक कोरलेले असते. तीच सुरी दोन-चार वेळा समुद्रात नेऊन न धुता म्यानात खुपसून ठेवली, की पात्याच्या बुडाशी आणि मुठीच्या स्क्रूभोवती तांबूस ठिपके दिसू लागतात. गिऱ्हाईक म्हणते, माल बनावट निघाला. बहुतेक वेळा माल खराच असतो. गंज न धरणारे पोलाद आणि धार धरणारे पोलाद यांचे मुळात पटत नाही. दोघांना एका पात्यात नांदवायला धातुशास्त्राला शंभर वर्षे लागली, आणि आज बाजारात दिसणाऱ्या सुऱ्या हे त्या खटपटीचे वेगवेगळे टप्पे आहेत.

समुद्र लोखंडाचे काय करतो, हे आरमारांना रसायनशास्त्राच्या आधी कळले. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे किडे दूर राहावेत, एवढाच हेतू. वेस्ट इंडिजची फेरी करून आलेल्या या नौकेची १७६३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा पत्रे शाबूत होते, पण ते बसवायला वापरलेले लोखंडी खिळे ठिकठिकाणी कुजून गेले होते. काही खिळे मात्र चांगले राहिले होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्या कागदाचे तुकडे तिथे खिळा आणि तांबे यांच्यामध्ये राहून गेले होते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि भोवती खारे पाणी असले, की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. व्होल्टाची बॅटरी यायला तेव्हा जवळपास चाळीस वर्षे अवकाश होता. १८२४ च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने हेच तत्त्व उलटे वापरले. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून त्याने तांबे वाचवले. तांबे विरघळायचे थांबल्यावर त्यावर शेवाळ आणि शिंपले बेफाम चिकटू लागले, ही गोष्ट वेगळी.

हे सांगायचे कारण म्हणजे पाणबुड्याची पहिली खरी सुरी. जर्मनीतून लंडनला आलेल्या ऑगस्टस सीबने १८३० च्या दशकात तांब्याचे शिरस्त्राण आणि बंद पोशाख तयार केला. तो घालून १८३९ पासून ‘रॉयल जॉर्ज’ या बुडालेल्या युद्धनौकेवर काम झाले, आणि पाण्याखाली उतरून काम करणे हा रीतसर व्यवसाय झाला. या पोशाखाबरोबर पुढे जी सुरी रूढ झाली, तिचे पाते जाड, मूठ लाकडी आणि म्यान पितळी. सुरी निसटू नये म्हणून मूठ म्यानात आटे फिरवून बसवायची. डांबर लावलेले तागाचे दोर कापणे, फळी उचकटणे ही तिची कामे. पाते साध्या कार्बन पोलादाचे असायचे. पितळ स्वतः गंजत नाही, पण खाऱ्या पाण्यात त्याला टेकलेले पोलाद लवकर गंजते. म्हणजे ‘अलार्म’चे खिळे आणि ही सुरी यांची तक्रार एकच. वर आल्यावर पाते पुसून ग्रीस लावून ठेवणे, हा तिच्यावरचा एकमेव उपाय होता.

गंज न धरणाऱ्या पोलादाचा शोध समुद्राकाठी लागला नाही. त्याचा एक धागा मात्र मुंबईतून निघतो. १७९४ मध्ये मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉटने भारतीय पोलादाचे, म्हणजे ‘वूट्झ’चे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. ते पाहून तिथल्या धातुशास्त्रज्ञांची झोप उडाली. जेम्स स्टोडार्ट हा शस्त्रक्रियेची हत्यारे आणि सुऱ्या करणारा कारागीर त्या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे त्याने तरुण मायकेल फॅरडेला हाताशी धरून वूट्झसारखे पोलाद घडवण्याचे प्रयोग केले. पोलादात चांदी, प्लॅटिनम, निकेल, काय काय मिसळून पाहिले. त्यांचे लेख १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वूट्झचे रहस्य त्यांच्या हाती लागले नाही, पण पोलादात दुसरे धातू मिसळण्याचे शास्त्र तिथून सुरू झाले. त्याच प्रयोगांवरून स्फूर्ती घेऊन फ्रान्सच्या पिएर बेर्तिएने १८२१ मध्ये क्रोमियम मिसळले. क्रोमियम भरपूर असलेल्या मिश्रणांवर आम्लाचा परिणाम कमी होतो, हे त्याने नोंदवले आणि सुरीकामाला अशी मिश्रणे उपयोगी पडतील असेही सुचवले.

मग पुढची नव्वद वर्षे काय झाले? अडचण होती कार्बनची. तेव्हा मिळणाऱ्या क्रोमियमबरोबर कार्बनही भरपूर यायचा, आणि असे पोलाद ठिसूळ व्हायचे. त्यात शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने १८९२ मध्ये क्रोमियमयुक्त पोलादाचे नमुने सल्फ्युरिक आम्लात बुडवले आणि क्रोमियममुळे पोलाद उलट जास्त झिजते, असा निष्कर्ष काढला. त्या आम्लापुरते ते बरोबर होते. ओल्या हवेला, व्हिनेगरला किंवा समुद्राला ते लागू नव्हते. मोठ्या माणसाने केलेली एक चुकीची चाचणी किती महागात पडते, याचे हे ठळक उदाहरण म्हणायला हवे. पुढे हान्स गोल्डश्मिटच्या पद्धतीने कार्बनविरहित क्रोमियम मिळू लागले. १९११ मध्ये जर्मनीच्या फिलिप मोनार्ट्झने क्रोमियम एका ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की गंज अचानक का थांबतो, ते मांडले. कार्बन आवरायला हवा, हेही त्याने ओळखले होते.

१९१३ मध्ये शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्लीसमोर बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याचे काम होते. १३ ऑगस्टला त्याने ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. नळ्यांचे पुढे काहीही होवो, याच्या सुऱ्या कराव्यात, असे शेफील्डच्या या माणसाला वाटले. सुरुवातीला कारागिरांनी त्याला दाद दिली नाही. पोलाद इतके कडक, की त्यांचे साचे खराब झाले. ‘न कापणाऱ्या सुरीचा शोध लावणारा’ अशी त्याची थट्टाही झाली. अखेर अर्नेस्ट स्टुअर्ट या सुरीवाल्याने ते नमवण्याची पद्धत बसवली, व्हिनेगर लावून पाहिले आणि डाग पडत नाही म्हणून ‘स्टेनलेस’ हे नाव दिले. त्याच सुमारास जर्मनीच्या क्रुप कारखान्यात माउरर आणि स्ट्राउस यांनी क्रोमियमबरोबर निकेल घालून दुसराच प्रकार काढला. आपल्या घरातले डबे, वाट्या, पेले या दुसऱ्या कुळातले आहेत. सुऱ्या पहिल्या.

लक्षात घ्या, पहिली परीक्षा व्हिनेगरची होती. जेवणाच्या टेबलावर जे लागते त्याची. समुद्राची नव्हती.

स्टेनलेस पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो. ओरखडा पडला तर हवेतला किंवा पाण्यातला प्राणवायू घेऊन तो पुन्हा जमतो. यासाठी साधारण १०.५ टक्के क्रोमियम तरी हवे. समुद्राच्या पाण्यात दर किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातले क्लोराइड हा थर नेमका बारीक बारीक जागी फोडते. सगळीकडे गंज चढत नाही, सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि आत खोल जातात. घरोघरी सगळे डबे स्टीलचे झाले तरी मीठ चिनीमातीच्या बरणीतच राहिले, त्यामागेही हाच अनुभव आहे. ओल्या म्यानात तर प्राणवायूही कमी पोचतो, त्यामुळे फाटलेला थर सांधला जात नाही. सुरी पाण्यात जेवढी गंजते, त्याहून जास्त म्यानात गंजते ती यामुळे.

आता भांडणाचे मूळ. धार टिकायला पोलाद कडक हवे, आणि ते कडक करतो कार्बन. पण कार्बन क्रोमियमला पकडून त्याचे कार्बाइड करतो, आणि तसे अडकलेले क्रोमियम गंजाविरुद्ध कामाला येत नाही. ४४०सी या प्रसिद्ध पोलादात क्रोमियम १६ ते १८ टक्के असते. आकडा दणदणीत, पण कार्बनही सुमारे एक टक्का, म्हणजे त्यातला बराच वाटा कार्बाइडमध्ये गेलेला. धार उत्तम, समुद्रात नाजूक. ४२० या पोलादात कार्बन कमी. ते गंजाला जास्त दाद देत नाही, पण त्याची धार लवकर बोथट होते. निकेलच्या दुसऱ्या कुळातले ३०४ आणि मॉलिब्डेनम घातलेले ३१६ हे बोटींच्या कड्या-कोयंड्यांसाठी ठीक, मात्र उष्णता देऊन ते कडक होत नाही. त्याची सुरी गंजणार नाही आणि फारसे कापणारही नाही.

१९४३ मध्ये झाक-इव कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या नळकांड्यातून मागणीप्रमाणे हवा देणारा रेग्युलेटर बनवला आणि पाण्याखाली उतरणे व्यवसायातून छंदात आले. इटलीत क्रेस्सी आणि मारेससारखे कारखाने युद्ध संपल्यावर काही वर्षांतच उभे राहिले. त्या काळातली सुरी म्हणजे पोटरीला बांधलेले हातभर शस्त्र. ती बरीचशी भाल्याने मासे मारणाऱ्यांची गरज होती, आणि बरीचशी ऐट. ऐटीचा भाग जास्त, असे माझे मत. शार्कशी सुरीने लढणारा पाणबुडा पडद्यावरच शोभतो.

नौदलांचा प्रश्न निराळा होता. चुंबकीय सुरुंग निकामी करणाऱ्याच्या हातात पोलाद चालत नाही. त्यासाठी तांब्यात सुमारे दोन टक्के बेरिलियम मिसळून पाती केली गेली. ती गंजत नाहीत, ठिणगी पाडत नाहीत, पण घासताना उडणारी बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक. नंतर टायटॅनियम आले. विल्यम क्रोलच्या पद्धतीने १९४० च्या दशकात ते कारखान्यात काढता येऊ लागले. समुद्रात टायटॅनियमला गंज माहीतच नाही, आणि वजन पोलादाच्या जेमतेम ६० टक्के. त्याची धार मात्र चांगल्या पोलादापुढे फिकी. महाग सुरी घेऊन ती कापत नाही म्हणून कुरकुरणारे बहुधा टायटॅनियमवाले असतात.

दरम्यान सुरीचे कामच बदलले, आणि ते बदलले नायलॉनने. वॉलेस कॅरदर्सने १९३५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत नायलॉन बनवले. युद्धानंतर मासेमारीची जाळी सुती आणि तागाची राहिली नाहीत. सुती जाळे तुटून तळाशी पडले तर कुजायचे. नायलॉनचे वर्षानुवर्षे तसेच लटकत राहते. तंगूस तर पाण्यात दिसतही नाही. पायाचे फिन किंवा टाकीचा व्हॉल्व्ह अडकला की कळते. १९९० नंतर गळासाठी विणलेल्या पॉलिथिलीनच्या बारीक, चिवट दोऱ्या आल्या, त्यांच्यावरून गुळगुळीत धार घसरते. तिथे दाते हवेत. म्हणून आज अनुभवी पाणबुडे हातभर सुरीऐवजी छातीपाशी पट्ट्याला एक छोटे दातेरी पाते किंवा खाचेत पाते बसवलेले लहान कटर लावतात. दोन्ही हातांना पोचेल अशा जागी. जाडसर दोरासाठी कात्री सुरीहून बरी, आणि टोक बोथट असेल तर स्वतःच्या फुगणाऱ्या जॅकेटला भोक पडत नाही.

कार्बनचा तिढा सुटला तो नायट्रोजनमुळे. नायट्रोजनही पोलाद कडक करतो, पण क्रोमियमला तितका अडकवून ठेवत नाही, उलट खड्डे पडण्याविरुद्ध मदत करतो. जपानच्या एच-१ पोलादात कार्बन जेमतेम ०.१५ टक्के, त्याला कडकपणा मुख्यतः थंड लाटून येतो. अमेरिकेच्या स्पायडर्को कंपनीने त्याच्या सुऱ्या ‘सॉल्ट’ नावाने विकल्या आणि समुद्रावर काम करणाऱ्यांनी त्या उचलून धरल्या. मग एलसी२००एन आले, ज्याचे मूळ विमानांच्या आणि अवकाशयानांच्या बेअरिंगमध्ये आहे. त्यात कार्बन ०.३ आणि नायट्रोजन ०.४ टक्क्यांच्या आसपास. २०२१ मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाचे मॅग्नाकट बाजारात आले. त्यात क्रोमियम फक्त १०.७ टक्के, स्टेनलेसच्या उंबरठ्यावर. तरीही ते ४४०सी ला गंजाच्या परीक्षेत मागे टाकते, कारण कार्बन व्हॅनेडियम आणि नायोबियमकडे वळवला आहे आणि क्रोमियम मोकळे ठेवले आहे. डब्यावरचा क्रोमियमचा टक्का बघून सुरी घेऊ नये, ते यासाठी.

एवढे पाहिल्यावर निवड तशी सोपी होते. डायव्हिंगची सुरी दिवसाला शंभर वेळा कापत नाही. वर्षातून एखाद्या वेळी कापते, पण तेव्हा कापायलाच हवी. म्हणजे धार किती टिकते यापेक्षा, दुर्लक्ष झाले तरी ती वाचते का, हे महत्त्वाचे. महिन्यातून दोनदा समुद्रात जाणाऱ्याने एच-१ च्या जातीचे किंवा एलसी२००एन घ्यावे आणि दातेरी पाते घ्यावे. खिसा लहान असेल तर ४२० चे स्वस्त पाते वाईट नाही, फक्त दर वेळी गोड्या पाण्यात बुडवून, म्यानातून काढून वाळवावे आणि कधीमधी सिलिकॉन ग्रीस चोळावे. सुटे करून धुता येते का, स्क्रू पात्याच्याच जातीचे आहेत का आणि म्यानाच्या तळाला पाणी निथळायला भोक आहे का, हे दुकानातच बघावे. ४४०सी ची सुरी कौतुकाने घेणाऱ्यांना मी थांबवीन.

आणि मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला गाइडबरोबर अर्धा तास स्नॉर्केलिंग करणाऱ्याला सुरी लागतच नाही. मेक्सिकोच्या कोझुमेल सागरी उद्यानात तर पर्यटक पाणबुड्यांना सुरी नेऊच देत नाहीत, कारण हातात सुरी असली की प्रवाळ टोकरायचा मोह होतो. विमानाने जाणाऱ्याने ती चेक-इन सामानात टाकावी, हातातल्या बॅगेत राहिली तर सुरक्षा तपासणीत जाईल.