रंधा मधेच अडकतो तेव्हा लाकडात काय चाललेलं असतं

नवीन माणूस रंधा, म्हणजे लाकूड तासून सपाट करायचं हत्यार, मारायला घेतो, पहिले दोन हात मस्त जातात, पातळ कुरळ्या पट्ट्या निघतात आणि मग एकदम खर्र करून फळीचा टवकाच उडतो. माझंही सुरुवातीला हेच व्हायचं आणि मला वाटायचं जोर कमी पडतोय, म्हणून मी अजून जोर लावायचो, त्याने अजूनच वाट लागायची.

लाकूड म्हणजे खराट्यासारखी जुडी समजा. सेल्युलोजचे लांब तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. आता हे तंतू फळीला क्वचितच अगदी समांतर असतात, बहुतेक वेळा थोडे तिरके वर येत असतात. रंध्याचं पातं तंतू ज्या दिशेला वर चढतात त्याच दिशेने गेलं तर तंतू कापले जातात, उलट दिशेने गेलं की पातं त्यांच्या खाली घुसतं, तंतू उचलले जातात आणि फट पात्याच्या पुढे पुढे खोल पळते. म्हणून रंधा मारायच्या आधी फळीची कड बघायची, तंतूंच्या रेषा कुठे चढतात ते दिसतं. नाही कळलं तर एक हलका हात मारून बघा, खडबडीत लागलं की फळी फिरवा, एवढंच.

करवतीचंही तसंच आहे. रेषेच्या बाजूने चिरायची करवत असते तिचे दात छोट्या पटाशीसारखे (पटाशी म्हणजे लाकूड तासायचं, सपाट धारेचं हत्यार), आणि आडवं कापायच्या करवतीचे दात सुरीच्या टोकासारखे, कारण तिथे तंतू आधी तोडावे लागतात. आडवं कापताना पेन्सिलऐवजी गुण्या (काटकोन आखायचं साधन) लावून सुरीने रेघ मारली तर वरचे तंतू आधीच तुटलेले असतात आणि कड फाटत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पण सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो धारेला, यावर मी ठाम आहे. धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग जिथे भेटतात ती कड, तिथे थोडीही गोलाई राहिली की पातं बोथट. पटाशीला साधारण 25 अंशाचा उतार आणि अगदी टोकाला 30 अंश, हे सुरुवातीला पुरतं. धार लावायच्या दगडावर घासत राहायचं, पाठीमागच्या बाजूला बोटाला धातूची बारीक खरखर पूर्ण रुंदीभर लागेपर्यंत, मग पाठ दगडावर सपाट ठेवून ती खरखर काढायची. बरेच जण खरखर यायच्या आधीच थांबतात आणि मग म्हणतात पटाशीच खराब आहे.

धार तपासायला पाईनसारखं मऊ लाकूड घ्या आणि त्याच्या टोकाकडून, म्हणजे तंतूंची तोंडं दिसतात तिथे, पटाशीने एक पातळ काप काढा. कडक लाकडापेक्षा हे अवघड जातं, कारण मऊ तंतूंना मागून आधार कमी असतो, पातं बोथट असेल तर ते कापले जायच्या आधीच दबतात आणि चुरा होतो. धार नीट असेल तर तीच जागा गुळगुळीत आणि किंचित चकचकीत दिसते.