विद्युत अॅक्युपंक्चर : हाताच्या जागी यंत्र कसे आले

अॅक्युपंक्चरची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी असल्यामुळे सुयांमधून वीज सोडण्याची रीतही चीनचीच असावी, असा समज सहज होतो. पण तिचा पहिला पद्धतशीर वापर फ्रान्समध्ये झाला. संगीतकार हेक्टर बर्लिओझ यांचे वडील डॉ. लुई बर्लिओझ यांनी १८१६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सुईला विद्युतप्रवाहाची जोड देण्याचे सुचवले आणि १८२५ साली डॉ. सार्लांदिएर यांनी संधिवात व गाऊट यांवरील अशा उपचारांची माहिती पुस्तकरूपाने मांडली. पुढे तिकडचा हा उत्साह ओसरला.

चीनमध्ये ही पद्धत रुजली ती शस्त्रक्रियागृहाच्या गरजेतून. १९५८ पासून तेथे काही शस्त्रक्रियांत वेदना रोखण्यासाठी अॅक्युपंक्चर वापरले जाऊ लागले. मात्र शस्त्रक्रिया संपेपर्यंत कोणीतरी सुया हाताने सतत फिरवत राहणे भाग असे, आणि थकलेल्या हाताचा वेग एकसारखा राहत नसे. सुयांना तारा जोडून हे काम यंत्राकडे सोपवण्यात आले. सोय म्हणून आलेले हे यंत्र संशोधकांच्या अधिक उपयोगी पडले, कारण बोटांचा जोर मोजता येत नाही, प्रवाहाची वारंवारता मात्र नेमकी ठरवता येते.

पाश्चात्त्य देशांत कुतूहल जागे झाले ते अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या १९७१ मधील लेखामुळे. त्यांचे अपेंडिक्स अॅक्युपंक्चरच्या भुलीखाली काढले, असे आजही सांगितले जाते. वास्तविक त्यांना नेहमीचीच भूल दिली होती आणि सुया टोचल्या त्या नंतर, पोटाच्या अस्वस्थतेसाठी.

खरा पाया घातला तो बीजिंगमधील हान जीशंग यांच्या गटाने. अॅक्युपंक्चर दिलेल्या सशाच्या मेंदूतील द्रव दुसऱ्या सशाच्या मेंदूत सोडल्यावर त्याचीही वेदना सोसण्याची मर्यादा वाढते, असे त्यांना १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आढळले. म्हणजे परिणामामागे काही रासायनिक द्रव्य असले पाहिजे. १९७५ साली अॅबरडीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतील अफूसदृश एन्केफॅलिन शोधल्यावर या निष्कर्षाला अर्थ आला. अफूजन्य औषधांचा प्रभाव उतरवणारे नॅलोक्झोन दिल्यास अॅक्युपंक्चरचे वेदनाशमनही घटते, असे पाठोपाठच्या प्रयोगांत दिसले. पुढे हान यांनी दाखवले की २ हर्ट्झच्या मंद प्रवाहाने मुख्यतः एन्केफॅलिन व बीटा-एंडॉर्फिन, तर १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० स्पंदांच्या) जलद प्रवाहाने डायनॉर्फिन हे आणखी एक अफूसदृश द्रव्य स्रवते. आलटून पालटून दोन्ही वारंवारता देण्याची आजची पद्धत यातूनच आली.

रुग्णांवरील पुरावा इतका नेटका नाही. कर्करोगातून बचावलेल्या, जुनाट वेदना असलेल्या ३६० जणांच्या अमेरिकेतील चाचणीत (२०२१) नेहमीच्या उपचारांपेक्षा विद्युत अॅक्युपंक्चरने वेदना अधिक कमी झाल्या. पण तुलनेसाठी खोटे अॅक्युपंक्चर, म्हणजे रुग्णाला खरे वाटेल असे केवळ नावापुरते उपचार, दिलेला गट त्यात नव्हता. असा गट उभा करणे मुळात अवघडच, कारण सुईतून प्रवाह वाहू लागला की रुग्णाला तो जाणवतो.