पी.टी.चा तास कुठून आला

शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजते. 'सावधान', 'विश्राम' अशा आज्ञा होतात, मुलं हातभर अंतर घेऊन रांगा धरतात, एका कोपऱ्यात कुणीतरी फक्की टाकून खो-खोच्या पाट्या आखत असतं. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं असेल असं आपल्याला वाटतं. पण आज्ञेचा देशी शब्द, मैदानाची मापं, डावांची नावं छापून ठेवणं आणि हे शिकवायला माणूस तयार करणं, यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी मुद्दाम उभी केली आहे. त्यातलं बरंचसं काम शंभर-सव्वाशे वर्षांतलं आहे, आणि त्यातला मोठा वाटा मराठी माणसांच्या आखाड्यांचा आणि मंडळांचा आहे. मुलांनी खेळावं म्हणून काय साधनं हवीत याची चर्चा आज मैदान, साहित्य आणि निधी यांवर येऊन थांबते. ज्यांनी ही परंपरा घडवली त्यांचा भर मात्र शिकवणाऱ्यावर होता.

आखाड्यातली विद्या आधी फक्त उस्तादाच्या अंगात होती. मल्लखांबाचंच बघा. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात त्याचा उल्लेख येतो, पण मधली कित्येक शतकं तो जवळजवळ विस्मरणात गेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब हे निजामाकडचे दोन पहिलवान आव्हान घेऊन आले आणि नाशिकजवळच्या कोठुऱ्याच्या बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारलं, असं परंपरा सांगते. त्यांनी काही मुदत मागून घेतली, सप्तशृंगीच्या गडावर उपासना केली, तिथे मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखवले, ही आख्यायिका आजही मल्लखांब शिकवणारे मुलांना सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी बाळंभटदादांनी शिष्य तयार केले आणि त्या शिष्यांनी पुढचे शिष्य तयार केले, म्हणून ही विद्या टिकली.

मल्लखांबाजवळ उभं राहिलं की ही विद्या नुसती ऐकून का येत नाही ते कळतं. शिसवी किंवा सागवानी खांब, खाली जाड, वर निमुळता होत गेलेला, त्यावर मान आणि मानेवर बोंड. त्याला एरंडेल चोळलेलं असतं. हाताला चिकटही लागतं आणि घसरतंही, दोन्ही एकदम. पोरगं पहिल्यांदा अढी मारतं, म्हणजे पायांनी खांबाला घट्ट वेढा घालतं, तेव्हा मांडीची कातडी सोलवटते. तिथे शेजारी उभं राहून 'मांडी आवळ, छाती सोड' म्हणणारं माणूस नसेल तर ते पोरगं दुसऱ्या दिवशी येत नाही. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारा, सुईदोरा ही नावं नुसती पाठ करून चालत नाहीत, त्यांचा क्रम कळावा लागतो. अढी पक्की झाल्याशिवाय पुढचं काही नाही. हा क्रम उस्तादाच्या डोक्यात असे. उस्ताद गेला की पुष्कळदा क्रमही जाई.

दरम्यान इंग्रजी शाळांतून ड्रिल आलं होतं. ते पलटणीच्या धर्तीचं होतं, आज्ञा इंग्रजीत होत्या, आणि शिकवायला बहुधा लष्करातून निवृत्त झालेला ड्रिलमास्तर असे. एका बाजूला आखाड्यात पाच-दहा जण खोलवर शिकत होते, दुसऱ्या बाजूला शाळेत शंभर मुलं वरवर हात हलवत होती. या दोन टोकांना जोडणारं महत्त्वाचं काम बडोद्यात झालं.

बडोद्याचे जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांचा आखाडा पुढे त्यांचे पट्टशिष्य गजानन यशवंत तांबे यांनी सांभाळला. सगळे त्यांना प्रोफेसर माणिकराव म्हणत. सयाजीराव महाराजांच्या या संस्थानात त्यांना 'राजरत्न' हा किताब मिळाला. माणिकरावांनी सांघिक व्यायामाची पद्धत बसवली. थोड्या जागेत, थोड्या वेळात, एका शिक्षकाच्या आज्ञेवर मोठा समूह देशी व्यायाम करू शकेल अशी तिची रचना होती, आणि आज्ञा हिंदीत होत्या. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या मुलाला इंग्रजी येत नाही त्याला शरीर हलवण्यासाठी परक्या भाषेची गरज उरली नाही. लेझीमही अशीच बदलली. पहिलवानांची लेझीम म्हणजे लोखंडी साखळीची जड कमान, ती ताकदीसाठी ओढायची. तीच हलकी होऊन, हलगीच्या ठेक्यावर शेकडो मुलांच्या हातात आली.

माणिकरावांच्या विद्यार्थ्यांत जगन्नाथ गणेश गुणे होते. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि योगासनांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही काढलं. पुढे मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. शाळेच्या तासात आसनं आली त्यामागे हा धागा आहे.

दुसरे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार, हेही बडोद्याचेच. त्यांनी मराठीत 'व्यायामज्ञानकोश' तयार केला. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड निघाले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, देशी खेळ असं आजवर तोंडी असलेलं ज्ञान त्यात शब्दांत आणि चित्रांत उतरलं. मधे महायुद्ध होतं आणि कागदाची टंचाई होती. तरीही काम थांबलं नाही. १९५० साली याच कामावर आधारलेला एक इंग्रजी खंडही आला. एका माणसाच्या पुढाकाराने मराठीसारख्या भाषेत व्यायामाचा दहा खंडांचा कोश व्हावा ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी घेणाऱ्या आजच्या मुलामुलींना तो कोश निदान एकदा हाताळायला मिळायला हवा.

नियमांची गोष्टही याच्याशी जोडलेली आहे. हुतुतू गावोगाव होता, पण प्रत्येक गावचा वेगळा. कुठे बाद झालेला गडी परत जिवंत व्हायचा, तो संजीवनी. कुठे तो परत यायचाच नाही, ती गामिनी. कुठे बाद होऊनही खेळत राहायचा आणि नुसता गुण मोजायचा, तो अमर. अशाने दोन गावांचा सामना म्हणजे आधी तासभर वाद. शाळाशाळांच्या स्पर्धा घ्यायच्या तर कागदावरचे एकच नियम हवेत. पुण्यात १९०६ साली निघालेल्या डेक्कन जिमखान्याने खो-खोसारख्या खेळांना नियमांत बसवायला सुरुवात केली, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली स्पर्धा भरवल्या, आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांचे नियम छापून शाळांपर्यंत पोचवले. आज खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं, दोन्ही टोकांना १२० सेंटिमीटरचे खांब असतात. असे आकडे ठरले म्हणून जळगावच्या मुलीला कोल्हापूरच्या मुलीशी भांडण न करता खेळता येतं.

नियम छापले, कोश निघाला, पण शिकवणार कोण? मराठी मुलखात याचं उत्तर सगळ्यात चिकाटीने अमरावतीने दिलं. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी तिथे हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. मंडळाने शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग काढले. मे महिन्यातली अमरावती ज्याने अनुभवली आहे त्यालाच कळेल की दूरदूरच्या गावांहून आलेले तरुण शिक्षक त्या उन्हात पहाटे आणि संध्याकाळी मैदानावर उतरत म्हणजे काय. सुट्टी संपली की ते आपापल्या गावी परतत आणि जूनमध्ये शाळेत तोच क्रम सुरू करत. मद्रासला १९२० पासून वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय होतं, पण खेड्यातल्या मराठी शिक्षकाला मराठी वातावरणात शिकण्याची सोय अमरावतीने केली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू तिथे गेला आणि कबड्डीसह देशी खेळ-व्यायामांची प्रात्यक्षिकं त्यांनी करून दाखवली. बर्लिनची आठवण सगळे काढतात. माझ्या मते त्या उन्हाळी वर्गांचं मोल तिच्याहून मोठं आहे.

याच काळात पुण्यात शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं, दादरला १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर सुरू झालं. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यासच घेतला. ते स्वतः रोज घालत, आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार आवश्यक केले. त्याला साहित्य लागत नाही, एका सतरंजीएवढी जागा पुरते. गरीब, दुष्काळी मुलखाच्या राजाने केलेली ही निवड विचारपूर्वक होती.

सरकार थोडं उशिरा आलं. १९३८ साली मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू केली. स्वातंत्र्यानंतर केंद्राच्या योजना आल्या, त्यातल्या एकीमागे पुन्हा मराठी माणूस होता. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले, मूळचे सावंतवाडीकडचे, यांनी १९५४ साली दिल्लीतल्या फाळणीग्रस्त निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. घर गमावलेल्या मुलांना रोज सकाळी एकत्र आणायचं, कवायत, गाणी, खेळ करून घ्यायचे. ती इतर शाळांतही पसरली. पुढे एन.सी.सी., ए.सी.सी. (शाळकरी मुलांची साहाय्यक छात्रसेना), शारीरिक शिक्षण आणि ही योजना एकमेकींच्या पायात येऊ लागल्या, तेव्हा हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९६५ च्या सुमारास एन.सी.सी. सोडून बाकीच्यांचं मिळून नॅशनल फिटनेस कोअर झालं. सत्तरच्या दशकात तेही मागे पडलं आणि शिक्षक राज्यांकडे गेले. योजनेचं नाव बदललं की शाळेतल्या शिक्षकाची घडीही विस्कटते, हे तेव्हापासून अनेकदा झालं आहे.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात पैसा आणि लक्ष दोन्ही स्पर्धेकडे वळलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, क्रीडा प्रबोधिन्या निघाल्या, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळू लागले. यातून चांगले खेळाडू घडले हे खरं. पण ज्याला पदक मिळणार नाही अशा मुलाचं काय, हा प्रश्न मागच्या बाकावर गेला. माझ्या शाळेत सहामाही जवळ आली की पी.टी.चा तास गणिताचे सर घेत. आम्ही वर्गातल्या खिडकीतून मैदान बघायचो. पुढे एक नवे सर आले, अमरावतीला शिकलेले. त्यांनी मुख्याध्यापकांकडून तो तास परत मिळवला आणि पहिल्याच दिवशी वर्गातल्या सगळ्यात जाड मुलाला हुतुतूत मधोमध उभं केलं. तो पकडीत इतका पक्का निघाला की वर्षभर त्याच्याशिवाय संघ बनत नसे.

आता कायद्याचं बळ आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान असावं आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य मिळावं असं लिहिलं आहे. समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० पर्यंत आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० पर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पाच हजारांत काही चेंडू, दोऱ्या, रिंगा आणि लेझमा येतात. हुतुतू, खो-खो, आट्यापाट्या यांना तेवढंही लागत नाही.

गरज मात्र वाढली आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. तिच्याच अभ्यासानुसार २०१६ साली जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलामुलींची तेवढी हालचाल होत नव्हती.

आणि शिकवणारा? शिक्षण हक्क कायद्याच्या त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलं आहे. अंशकालीन, आणि तोही शंभराच्या वर. जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळांचा एकूण पटच शंभराच्या आत आहे. माझी एक मैत्रीण अशाच एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते, पट एकतीस. मराठी, गणित, परिसर अभ्यास, पोषण आहाराच्या नोंदी, सगळं तिच्याकडे. दुपारी साडेतीनला ती फक्कीचा डबा घेऊन अंगणात येते आणि आट्यापाट्यांच्या नऊ पाट्या आखते. नियम तिला आजोबांनी शिकवले होते. मोठी मुलं आता तिच्याआधीच रेघा मारून ठेवतात, फक्त सूर पाटी, म्हणजे मधली उभी पाटी, सरळ येत नाही म्हणून तिची वाट बघतात.