शिशाचं छप्पर गळतंय? इंग्लंडमधल्या जुन्या चर्चसाठी परवानगी, कागदपत्रं आणि उतरलेल्या शिशाचा हिशेब

चर्चचं छप्पर गळू लागलं की सगळ्यांना पाणी थांबवायची घाई असते. खाली उतरणाऱ्या जुन्या शिशाची आठवण होते ती परांची बांधून झाल्यावर. ती अर्ज लिहितानाच व्हायला हवी. ३.५५ मिमी जाडीचा, म्हणजे ब्रिटिश जाडी-क्रमांकानुसार ‘कोड ८’चा पत्रा चौरस मीटरला सुमारे ४० किलो भरतो. १०० चौरस मीटरच्या छपरावरून ४ टन शिसं उतरतं, आणि जुने, वितळलेलं शिसं वाळूच्या थरावर ओतून केलेले पत्रे तर बरेचदा याहून जाड असतात. एवढ्या धातूचं काय होणार, हे कागदावर नसेल तर पुढे वाद ठरलेला.

आधी गळतीचं कारण लेखी घ्या. शिसं उन्हानं फुगतं, थंडीत आकसतं. पत्रा प्रमाणाबाहेर मोठा असेल किंवा घट्ट जखडलेला असेल, तर वर्षानुवर्षांच्या या हालचालीनं त्याला चिरा पडतात. दुसरं कारण वरून दिसत नाही. खालच्या बाजूला ओल धरते आणि पांढरी भुकटी होऊन पत्रा आतून खाल्ला जातो. पहिल्या प्रकारात पत्रे लहान करावे लागतात, दुसऱ्यात खाली हवा खेळती ठेवावी लागते. कारण न शोधता तसंच छप्पर पुन्हा घातलं, तर दुखणं परत येणार. चर्चची दर ५ वर्षांनी तपासणी करणाऱ्या आर्किटेक्टचा अहवाल हा अर्जाचा पाया असतो.

चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतींना लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे संरक्षित वारसा इमारतीत बदल करायची परवानगी, लागत नाही. त्याऐवजी डायोसिसची (बिशपच्या अधिकारक्षेत्राची) ‘फॅकल्टी’, म्हणजे चर्चची स्वतःची रीतसर परवानगी, लागते. छपराचं बाह्य रूप बदलणार असेल तर कौन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, प्लॅनिंग परमिशनही लागू शकते, म्हणून तिथे आधीच विचारून ठेवा. किरकोळ, मूळच्याच साहित्यातली दुरुस्ती कधी कधी आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याच्या) लेखी परवानगीवर होते. शिसं काढून टर्न-कोटेड (शिशासारखा करडा दिसणारा धातूचा मुलामा दिलेलं) स्टेनलेस स्टील घालायचं असेल तर मात्र फॅकल्टीच हवी. चोरीचा धोका मोठा असेल तिथे हिस्टॉरिक इंग्लंड ही वारसा जपणारी सरकारी संस्था या स्टीलचा विचार करायला तयार असते, पण कारणं पटवावी लागतात. ‘शिसं महाग पडतं’ एवढं पुरत नाही.

अर्ज व्हिकर (चर्चचा धर्मगुरू), चर्चवॉर्डन (चर्चचा निवडून आलेला कारभारी), आर्चडीकन, पॅरिशमधला म्हणजे चर्चच्या हद्दीतला रहिवासी किंवा चर्चच्या इलेक्टोरल रोलवरची, म्हणजे सदस्य-यादीतली व्यक्ती करू शकते. व्यवहारात व्हिकर आणि चर्चवॉर्डन मिळून करतात. सोबत चर्च कौन्सिलचा ठराव, आर्किटेक्टचं स्पेसिफिकेशन आणि नकाशे, फोटो, खर्चाचा अंदाज, इमारतीचं महत्त्व सांगणारं ‘स्टेटमेंट ऑफ सिग्निफिकन्स’ आणि गरज मांडणारं ‘स्टेटमेंट ऑफ नीड्स’ जोडतात. कागद प्रथम डायोसेसन ॲडव्हायझरी कमिटीकडे, म्हणजे डायोसिसच्या सल्लागार समितीकडे, जातात. तिचा सल्ला हाती आला की रीतसर अर्ज, मग २८ दिवस चर्चच्या आत आणि बाहेर जाहीर नोटीस, आणि शेवटी डायोसिसच्या चॅन्सेलरचा (चर्चच्या न्यायाधीशाचा) निर्णय. कमिटीची शिफारस म्हणजे परवानगी नव्हे. तिच्या भरवशावर ठेकेदाराला बोलावू नका.

स्पेसिफिकेशनमध्ये जुन्या शिशाला स्वतंत्र कलम द्या. शिसं कोणाचं, काढल्यावर कुठे ठेवणार, वजन कोणासमोर होणार, आणि त्याची किंमत ठेकेदार बिलातून वजा करणार की पैसे चर्चच्या खात्यात येणार, हे त्यात असू द्या. वाळूत ओतलेलं शिसं वितळवून त्याचेच नवे पत्रे करता येतात. माझ्या मते जमेल तिथे हाच मार्ग धरावा, कारण छपराचा धातू छपरावरच परत जातो. पत्रे उतरवण्याआधी त्यांच्यावरची अक्षरं बारकाईनं पाहा. जुन्या कारागिरांनी कोरलेली नावं, सालं, बुटांच्या बाह्यरेषा सापडतात. फोटो काढा आणि तो भाग कापून जपायची तरतूद अर्जातच करा. एकदा भट्टीत गेलं की ते कायमचं गेलं.

भंगार विकायचं ठरलं तर स्क्रॅप मेटल डीलर्स ॲक्ट २०१३ लागू होतो. भंगारवाल्याकडे कौन्सिलचं लायसन्स हवं, आणि तो रोख पैसे देऊच शकत नाही; पैसे खात्यात किंवा हस्तांतरित न होणाऱ्या चेकनं येतात. विकणाऱ्याचं नाव-पत्ता त्याला तपासावा लागतो, म्हणून फोटोचं ड्रायव्हिंग लायसन्स, किंवा पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. कोणी रोखीत ‘जास्त भाव’ देत असेल तर तिथून उठा. माल नेणारा नोंदणीकृत वेस्ट कॅरियर (कचरा वाहून नेणारा) असावा, आणि माल हस्तांतरित झाल्याची लेखी नोंद असलेली वेस्ट ट्रान्सफर नोट २ वर्षं सांभाळायची असते.

वटवाघळं असण्याची शक्यता असेल तर तज्ज्ञाची पाहणी आधीच ठरवा. ती साधारण मे ते सप्टेंबरमध्ये होते. वटवाघळं तिथे नसली तरी त्यांच्या वस्तीच्या जागेला कायद्याचं संरक्षण असतं, आणि तिला धक्का लागणार असेल तर नॅचरल इंग्लंड या निसर्गरक्षण संस्थेचं लायसन्स लागतं. विमा कंपनीला परांची चढण्याआधी कळवा, ज्योत वापरून काम होणार असेल तर तेही सांगा. आणि ती पांढरी भुकटी विषारी आहे. श्रमदानाला आलेल्या माणसांच्या हाती झाडू देऊ नका. ठेकेदारावर शिशाच्या कामाचे २००२चे नियम बंधनकारक आहेत.

दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट लागतो. संरक्षित प्रार्थनास्थळांना तो परत देणारी ‘लिस्टेड प्लेसेस ऑफ वर्शिप’ ही सरकारी योजना ३१ मार्च २०२६पर्यंतच जाहीर झालेली होती, त्यामुळे अंदाजपत्रक व्हॅट धरूनच करा.

काम झालं की पूर्ततेचा दाखला डायोसिसच्या रजिस्ट्रीकडे (कायदेशीर नोंदी ठेवणाऱ्या कचेरीकडे) पाठवा, चर्चच्या लॉगबुकात नोंद करा, आणि वजनकाट्याची पावती, खात्यात जमा झालेल्या रकमेची नोंद व ट्रान्सफर नोट त्याच फाइलला लावा.