पार्श्वभूमी: दगड रचायला शिकवण्याची वेळ का आली

गडगा, म्हणजे चुना-सिमेंट न घालता नुसत्या दगडांची कोरडी भिंत, कसा रचावा याचे दोन-दोन दिवसांचे वर्ग आज युरोपातल्या अनेक देशांत भरतात. जुन्या दगडी इमारतींची डागडुजी शिकवणारे लांब मुदतीचे अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रे आहेत. दीडशे वर्षांपूर्वी कोरड्या भिंतीसाठी यातले काही नव्हते, कारण गरजच नव्हती. हे काम बापाकडून मुलाकडे आणि टोळीच्या म्होरक्याकडून हाताखालच्या पोराकडे आपोआप जात होते. ही साखळी तुटली कशी, हे समजून घ्यायला प्राचीन काळापेक्षा विसाव्या शतकाकडे जास्त पाहावे लागते.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात एवढेच. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या स्कारा ब्रे वस्तीतल्या भिंती सुमारे 5,000 वर्षांच्या आहेत. आफ्रिकेतल्या ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या नगराचा बाहेरचा कोट चुन्याचा कणही न वापरता 11 मीटरपर्यंत चढवलेला आहे. हे रचणाऱ्यांनी लिहून काहीच ठेवले नाही. त्यांची पद्धत कळायची तर पडलेल्या भागातला एकेक दगड हातात घेऊनच ती वाचावी लागते.

आज वर्गात जी भिंत शिकवली जाते तिचे मूळ मात्र इतके जुने नाही. दोन्ही बाजूंना दोन तोंडे, मध्ये चिपांचा घट्ट भराव, ठरावीक उंचीवर आरपार जाणारे लांब दगड, दोन्ही बाजूंनी आत झुकणारा ढाळ आणि माथ्यावर उभ्या दगडांची रांग. हा साचा रूढ झाला तो मुख्यतः इंग्लंडमध्ये 1750 ते 1850 च्या दरम्यान, सामाईक जमिनी कायद्याने वाटून बंदिस्त केल्या गेल्या तेव्हा. 1604 ते 1914 या काळात असे 5,200 हून अधिक कायदे झाले आणि सुमारे 68 लाख एकर जमिनीवर त्यांचा परिणाम झाला. वाटणीच्या काही कागदपत्रांत भिंतीची उंची, पायाची रुंदी, आरपार दगडांची संख्या हे सगळे लिहून दिलेले असे. टोळ्यांना मजुरी लांबीवर मिळे. ज्याला आज 'पारंपरिक पद्धत' म्हणतात, ती बऱ्याच अंशी ठेक्याच्या कागदावरची अट होती. यामुळे ती कमअस्सल ठरत नाही. पण परंपरा म्हणजे काहीतरी अनादी, असे वर्गात सांगितले जाते ते खरे नाही. आणि त्याच भिंतींनी गरिबांची कुरणे गेली, हेही सोबत सांगायला हवे.

1870 च्या दशकात काटेरी तार आली आणि नव्या भिंतींची मागणी आटली. पहिल्या महायुद्धाने खेड्यांतले हात नेले. 1930 चे दशक संपता संपता नैर्ऋत्य स्कॉटलंडमध्ये भिंत रचण्याच्या स्पर्धा भरवून पोरांना या कामाकडे वळवण्याचे प्रयत्न सुरू झाले. 1968 मध्ये त्यांतूनच ब्रिटनभरची एक संघटना उभी राहिली.

दुसरीकडे, चुन्यात बांधलेल्या जुन्या इमारतींची कथा वेगळ्या वाटेने गेली. 1824 मध्ये लीड्सच्या एका गवंड्याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. शतकभरात सिमेंट झटपट, घट्ट आणि सगळीकडे सारखे मिळणारे झाले. चुना भाजणे, पाणी घालून विरवणे, मुरवणे, त्यावर ओली पोती टाकून दिवसेंदिवस लक्ष ठेवणे, हे सगळे अनावश्यक वाटू लागले.

याच टप्प्यावर, 1931 साली, एक निर्णय झाला. त्यावर अजून वाद होतो आणि माझ्या मते व्हायलाही हवा. अथेन्समध्ये स्मारकांच्या जतनावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या निष्कर्षांना अथेन्सची सनद म्हणतात. (शहररचनेवरची 1933 ची त्याच नावाची सनद वेगळी, दोन्हींची गल्लत नेहमी होते.) या सनदेने जुन्या वास्तू बळकट करण्यासाठी आधुनिक तंत्राची सगळी साधने, विशेषतः सळया घातलेले काँक्रीट, विवेकाने वापरायला मान्यता दिली. हे बळकटीकरण शक्यतो लपवलेले असावे, असेही म्हटले. कारण असे दिले की यामुळे वास्तूचा भाग उतरवून पुन्हा चढवण्याचा धोका टळतो.

त्या काळाच्या चष्म्यातून पाहिले तर यात गैर दिसत नाही. काँक्रीट नवे होते आणि त्याच्यावर मोठा विश्वास होता. त्याआधीच्या शतकात 'जीर्णोद्धारा'च्या नावाखाली चर्चच्या चर्च खरवडून नव्याने घडवली गेली होती, आणि त्याविरुद्ध 1877 मध्ये लंडनमध्ये मोठी हाकही दिली गेली होती. एकही दगड न हलवता भिंत वाचणार असेल तर कोणाला नको आहे? सनदेची बाजू घेणारे आजही 'विवेकाने' या शब्दाकडे बोट दाखवतात. दोष सनदेचा नाही, ती बेफिकिरीने वापरणाऱ्यांचा आहे, असे ते म्हणतात.

पण या निर्णयाची एक बाजू चर्चेत फारशी येत नाही, आणि ती कारागिराची आहे. दगड उतरवणे आणि पुन्हा चढवणे हा धोका आहे खरा, पण शिकण्याची जागाही तीच आहे. भिंत वरून थराथराने उतरवताना सांधे कुठे मोडले होते, लांब दगड कुठे घातला होता, भराव नुसता ओतला होता की हाताने बसवला होता, हे कळते. उतरवण्याचे काम टळले की ही शाळा बंद. भार पोटातले काँक्रीट घेणार असेल तर गवंड्याच्या वाट्याला फक्त तोंडाचे दगड उरतात. तो भिंत बांधत नाही, ती झाकतो. एका पिढीने झाकण्याचे काम केले की पुढच्या पिढीला शिकवणार कोण?

दगडालाही हे मानवले नाही. याचा दाखला परिषदेच्या शहरातच होता. 1898 पासून 1933 पर्यंत पार्थेनॉन या प्राचीन मंदिरावर जी कामे झाली, त्यांत संगमरवर जोडायला लोखंडी पट्ट्या घातल्या होत्या. मूळ बांधणाऱ्यांनीही लोखंडच वापरले होते, पण त्याभोवती शिसे ओतून ते हवा-पाण्यापासून झाकले होते. नव्या पट्ट्यांना ते कवच नव्हते. गंज चढला, लोखंड फुगले, संगमरवर तडकला. 1975 पासून तिथे जे काम सुरू आहे त्यात याच पट्ट्या काढून टायटॅनियम बसवावे लागले, आणि त्यासाठी जे टाळायचे होते तेच करावे लागले: चिरे उतरवून पुन्हा चढवणे. त्यातूनच संगमरवर हाताने घडवणाऱ्यांची नवी फळी तयार झाली.

जतनावरच्याच 1964 च्या व्हेनिस सनदेने क्रम फिरवला. पारंपरिक तंत्र अपुरे ठरले तरच आधुनिक तंत्र, तेही अनुभवाने आणि तपासणीने सिद्ध झालेले. कागदावर हा मोठा बदल होता. मात्र पारंपरिक तंत्र येणारी माणसे तोवर विरळ झाली होती. 1966 मध्ये व्हेनिसला पुराने झोडपले आणि कामाला हात अपुरे पडले, तेव्हा हे उघडे पडले. 1977 मध्ये तिथल्या सान सेर्व्होलो बेटावर जतनाचे काम शिकवणारी युरोपीय कारागीरशाळा निघाली. साधारण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये वेल्स कॅथेड्रलच्या दर्शनी बाजूवरच्या मध्ययुगीन मूर्ती चुन्याने सावरण्याचे काम झाले. चुन्याच्या पुनरागमनाची सुरुवात अनेक जण तिथून धरतात.

सिमेंटने सांधे भरलेल्या जुन्या भिंतींनीही शिकवले. मऊ दगडाच्या भिंतीत सांधा दगडापेक्षा कठीण झाला की ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. ती दगडातून वाट काढते, सोबतचे क्षार पृष्ठभागाशी जमतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही दशकांनी सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि दगड आत खचलेले असे चित्र दिसते. चुन्याचा सांधा झिजण्यासाठीच असतो. तो दर काही पिढ्यांनी भरायचा आणि दगड राखायचा.

इथे एक शब्द फार घोळ घालतो, तो म्हणजे 'चुना'. कामाच्या कागदावर नुसते 'चुन्यात' लिहिले की चार वेगळ्या गोष्टी येऊ शकतात: कळीचा (भाजलेला, पण न विरवलेला) चुना वाळूतच विरवून केलेले गरम मिश्रण, महिनोन्‌महिने मुरवलेला लोण्यासारखा चुना, पिशवीतली कोरडी पूड, किंवा पाण्याखालीही घट्ट होणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना. सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत मुरवलेल्या चुन्यावर भर होता. मग वापरायला सोपा म्हणून हायड्रॉलिक चुना पसरला, आणि त्यातले काही प्रकार जुन्या मऊ दगडाला जास्तच कडक निघाले. अलीकडे कळीच्या चुन्याच्या गरम मिश्रणाकडे कल आहे, कारण जुने सांधे तपासल्यावर त्यांत न विरलेल्या चुन्याचे पांढरे खडे सापडतात. शिकणाऱ्याने प्रशिक्षकाला पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की चुना म्हणजे कोणता.

कोरड्या भिंतीच्या बाबतीत वाद वेगळा होता: परीक्षेत घड्याळ असावे का. ब्रिटनमध्ये प्राथमिक पायरीपासून उस्ताद कारागिरापर्यंत चार पायऱ्या झाल्या. ठरलेल्या वेळात जुनी भिंत उतरवून तेवढीच रचून दाखवायची. घाईने हात बिघडतो, असे काहींना वाटते. मला घड्याळ योग्य वाटते. ज्या टोळ्यांनी हे कसब घडवले त्यांचे पोट वेगावर होते, आणि एकदा उचललेला दगड खाली न ठेवता त्याची जागा शोधणे वेळेच्या दाबाशिवाय अंगवळणी पडत नाही.

अभियंत्यांचा विश्वास परत मिळायला सर्वांत उशीर लागला. खरे तर 1834 मध्येच आयर्लंडात एका लष्करी अभियंत्याने चार कोरड्या भिंती सहा मीटरपर्यंत चढवून मागे माती भरून पाहिली होती. दगड चारही भिंतींना सारखाच, आकार वेगळा. ढाळ देऊन मागे झुकवलेल्या दोन टिकल्या, सरळ तोंडाच्या दोन कोसळल्या. यातले मर्म गवंड्यांना ठाऊकच होते. तरीही रस्त्याकडेच्या कोरड्या भिंतींना नंतर सर्रास काँक्रीटचे पर्याय दिले गेले, कारण हिशोबाची मान्य रीत नव्हती. प्रत्यक्ष आकाराच्या भिंतींवर पुन्हा चाचण्या झाल्या त्या थेट एकविसाव्या शतकात, मुख्यतः फ्रान्समध्ये.

गेल्या पंधरा वर्षांत घडामोडी दाटल्या आहेत. ऑक्टोबर 2011 मध्ये इटलीच्या चिंक्वे तेर्रे किनाऱ्यावर ढगफुटीने वेर्नाझ्झा गाव चिखलात गेले, आणि वरच्या ओसाड पडलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांतले ढासळलेले दगडी बांध चर्चेत आले. मायोर्का बेटावर अशा बांधांचे कारागीर घडवणारी शाळा 1980 च्या दशकातच निघाली होती. आता तिच्याकडे नमुना म्हणून पाहिले जाते. 2018 मध्ये कोरड्या दगडी रचनेचे कसब युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत आले, तेव्हा देश होते आठ. 2024 मध्ये आणखी पाच जोडले गेले. ब्रिटन दोन्ही वेळा यादीबाहेर. या यादीमागचा मूळ करारच त्याने फार उशिरा स्वीकारला. तोही 2024 मध्ये.

जपानने कसब जपण्याची वेगळी वाट आधीच धरली होती. 1975 च्या कायदादुरुस्तीने तिथे जतनाची तंत्रेच संरक्षणाखाली आणली. एप्रिल 2016 च्या भूकंपात कुमामोतो किल्ल्याचे दगडी तट ढासळले. पडलेल्या दगडांना क्रमांक देऊन, जुन्या छायाचित्रांशी ताडून, प्रत्येकाला त्याच्या मूळ जागी परत बसवण्याचे काम सुरू आहे. ते 2052 पर्यंत चालेल असा अंदाज आहे. भूकंपाच्या साली वीस वर्षांचा असलेला पाथरवट तेव्हा छप्पन्न वर्षांचा असेल.